गणितातली लाल रेघ

रमजान पेंटर सकाळी नऊ वाजता शिडीवर चढला तो आपल्याच मुलीला वर्गाबाहेर काढायच्या कामावर. आणि हे त्याला ठाऊक होतं.

काम तसं साधं होतं. तापीकाठच्या त्या गावातल्या हायस्कूलचा व्हरांडा, फाटकातून शिरणाऱ्याच्या नजरेत पहिली भरेल अशी भिंत, आणि तिच्यावर दहा फूट बाय सहा फुटांचा आलेख. विषय गणित, इयत्ता नववी, वार्षिक परीक्षेत पास होणाऱ्यांची टक्केवारी, २००४ पासून यंदापर्यंत. निळी रेघ मुलांची, लाल रेघ मुलींची. दुपारी चार वाजता तालुक्याहून विस्तार अधिकारी येणार होते. ते आलेख बघणार, फीत कापणार आणि दहावीचा 'गणित विशेष वर्ग' सुरू होणार. दिवाळीची सुट्टी संपली होती, बोर्डाची परीक्षा तीन महिन्यांवर आली होती. रोज चार ते सहा शहाद्याच्या ज्युनिअर कॉलेजचे सर स्वतः येऊन शिकवणार होते. जागा वीस. वीसच्या वीस मुलांच्या.

मुलींसाठी त्याच वेळेत शेजारच्या खोलीत मेंदी आणि भरतकाम ठेवलं होतं. कुणाला वाईट वाटू नये म्हणून त्यालाही 'विशेष वर्ग' असंच नाव दिलं होतं.

संस्थेचे अध्यक्ष हेमराजभाऊ यांनी हा निर्णय मनाला येईल तसा घेतला नव्हता. ते केळीवाले बागायतदार. घड मोजल्याशिवाय बोलायचे नाहीत. त्यांनी ऑफिसातल्या योगेंद्र क्लार्कला बावीस वर्षांच्या गुणपत्रकांच्या वह्या काढायला लावल्या आणि विषयवार तक्ता मागितला. योगेंद्रने तीन दिवसांत तक्ता दिला. मराठीत मुली पुढे, हिंदीत पुढे, इतिहासात फारच पुढे, विज्ञानातही बऱ्यापैकी पुढे. गणितात मात्र पार तळाला.

"निसर्गच शे तो," हेमराजभाऊ गावच्या बोलीत म्हणाले. "मन्हं काहीच म्हननं नही. आकडा सांगी ऱ्हायना."

बोर्डात मग याच मुली गणितात कशा पास होतात, असं कुणीतरी विचारलं. बोर्ड मायाळू आहे, असं उत्तर मिळालं. नववीत नापास झालेल्या मुली दहावीत पोहोचल्याच कशा, हे मात्र कुणी विचारलं नाही. वर ढकलल्या असतील. ढकलायची पद्धत आहेच.

रमजानची आफशीन दहावीत होती. तिला बारावीनंतर इंजिनिअर व्हायचं होतं, आणि तसं ती रोज किमान दोनदा सांगायची. शहाद्याला क्लास होते, पण तिथून परतायची शेवटची एसटी क्लास सुटायच्या अर्धा तास आधी निघायची. म्हणजे गावात चालत आलेला हा एकच वर्ग तिच्या वाट्याचा होता, आणि तो तिच्या वाट्याला नव्हता. यादी लागली त्या दिवशी ती रडली नाही. आदल्या संध्याकाळी बाप ब्रश धूत बसला होता तेव्हा शेजारी येऊन एवढंच म्हणाली, "अब्बा, रेघ नीट काढा हं. वाकडी गेली तर म्हणतील, हिच्या बापालाही गणित येत नाही."

रमजानला हसू आलं, आणि मग त्याने धुतलेलाच ब्रश पुन्हा धुतला. पण काम नाकारणं जमण्यातलं नव्हतं. फ्लेक्स आल्यापासून दुकानांच्या पाट्या गेल्या, निवडणुका गेल्या, लग्नाच्या घरांवरचे गणपतीही गेले. राहिल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि शाळेच्या भिंती.

निळी रेघ कालच वाळली होती. सत्तर, बहात्तर, अडुसष्ट, पंच्याहत्तर, अशी ती शहाण्या बैलासारखी एका चालीने चालली होती. आज लाल. योगेंद्रने दिलेला कागद खिशात होता. पहिली दोन वर्षं रमजानचा हात आनंदात होता. एक्याऐंशी, चौऱ्याऐंशी. मुली मुलांच्याही वर! तिसरं वर्ष २००६. बावीस.

रेघ अशी कोसळली की रमजानला शिडीच्या तीन पायऱ्या उतराव्या लागल्या.

त्यानंतर ती वर आलीच नाही. अठरा, पंचवीस, अकरा. २०१३ साली अचानक त्रेचाळीसवर उसळली, पुन्हा आपटली. त्या वर्षी संस्थेने मुलींना सायकली वाटल्या होत्या आणि उसळीच्या जागी छोटी सायकल काढावी अशी हेमराजभाऊंची खास सूचना होती. रमजानने सायकल काढली. चांगली निघाली. दीड वाजेपर्यंत तो शेवटच्या ठिपक्यापाशी आला. यंदा नववी झालेली, म्हणजे आफशीनचीच तुकडी. चौदा टक्के.

ब्रश हवेतच थांबला.

रमजान शाळा सातवीपर्यंतच शिकला होता, पण प्रमाण हा त्याचा धंदा होता. वीतभर फोटोवरून भिंतभर माणूस काढणाऱ्याला टक्केवारी शिकवावी लागत नाही. शिवाय शाळेच्या पटसंख्येचा फळा दरवर्षी तोच रंगवायचा. गेल्या वर्षी नववीत मुली अठ्ठावीस. अठ्ठावीसचे चौदा टक्के म्हणजे चार. चारच मुली पास? त्यातली एक तर आपल्याच घरात झोपते.

मधली सुट्टी झाली. आफशीन आणि कामिनी हातात डबे घेऊन भिंत बघायला आल्या. कामिनी ही हेमराजभाऊंची सख्खी पुतणी. तिलाही वर्गात जागा नव्हती. नियम म्हणजे नियम, आणि हेमराजभाऊ याबाबतीत निःपक्षपाती होते.

"काका, रेघ एकदम सरळ आलीय," कामिनी म्हणाली. "सरळ खाली."

"रेघ राहू दे," रमजान शिडीवरूनच म्हणाला. "तुमच्या वर्गात नववीला गणितात नापास कोण कोण झालं होतं? पोरींमधे."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"एक अस्मा," आफशीन म्हणाली. शाळेच्या आवारात ती बापाशीही मराठीतच बोलायची. "तीपण पेपरला ताप घेऊन बसली होती म्हणून."

"अजून?"

"अजून कोण? मुलांमधे आठ जण. त्यातले तिघं विशेष वर्गात आहेत."

"एकच? नक्की?"

"अब्बा, अठ्ठावीस जणींचे मार्क मला पाठ आहेत. कामिनीला शहाऐंशी, मला त्र्याऐंशी..."

"माझे तीन जास्त आहेत," कामिनी म्हणाली, "म्हणून तिला पाठ आहेत."

रमजान शिडीवरून उतरला. उतरला म्हणण्यापेक्षा सांडला. लाल रंगाचा डबा हातातच राहिला.

आता क्लार्कला जाऊन 'तुमचा तक्ता चुकला' म्हणणं पेंटरच्या तोंडी शोभत नाही. रमजानला हे वीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. त्याने ऑफिसच्या दारात चपला काढल्या.

"योगेंद्रभाऊ, एक अडचण शे. लाल कोणता लेवू? तुम्ही वहीमा देखा तो लाल दाखाडा ना. मी तोच मिळाडी देस."

योगेंद्र समोसा खात होता. वहीतल्या लाल शाईशी भिंतीचा रंग जुळवायला आलेला असा कामसू पेंटर त्याने पाहिला नव्हता. त्याने मोठ्या मनाने नववीची गणिताची वही ओढली, पान उघडलं आणि तेलकट बोट टेकवलं. "हाऊ लाल."

रमजान वाकला. बोटाच्या कडेने नाव दिसत होतं. शेख आफशीन रमजान. पुढे लाल शाईत, ठसठशीत, ८३.

"हाऊ आकडा कितला शे, भाऊ?"

"त्र्याऐंशी."

"म्हंजे पास ना?"

"नही ना. लाल शे," योगेंद्र समजावणीच्या सुरात म्हणाला. "लाल म्हंजे नापास. सगळा विषयमा तेच शे. बावीस वरीसना वह्या, रमजानभाऊ! एकेक आकडा वाचता बसतू तर दिवाळी आठेच व्हती. मी पानं उलटी उलटी लाल मोजी लिधं."

"पन त्र्याऐंशी."

"लाल शे."

"शंभरमाईन त्र्याऐंशी."

योगेंद्रने समोसा खाली ठेवला. पान पाहिलं. मागचं पान पाहिलं. ७१, लाल. ६४, लाल. शहाऐंशी, अध्यक्षांची पुतणी, लाल. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र हळूहळू उडत चालला.

नेमके त्याच वेळी पितांबर सर दारात आले. सर मे महिन्यात निवृत्त झाले होते. वीस वर्षं त्या शाळेत नववीला गणित त्यांनी एकट्याने शिकवलं होतं. चार वाजता त्यांना शाल मिळायची होती आणि वेळेच्या बाबतीत ते कायम दोन तास पुढे असत. इस्त्रीचा सफारी, खिशात दोन पेनं.

"काय शोधताय?"

"सर," योगेंद्रचा आवाज चिरकला, "तुम्ही पोरींना लाल शाईनं का हो मार्क दिले?"

"मग कशानं देणार?" सरांना प्रश्नच कळला नाही. "मी रुजू झालो त्या दिवशी हेडमास्तरांनी सांगितलं, हजेरीपुस्तकात मुलांची नावं निळी, मुलींची लाल."

"हजेरीत, सर! हजेरीत! गुणपत्रकात पोरींना कोणीच लाल लिखत नाही. बाकीचे सगळे सर नापासाला लाल करतात!"

"बाकीचे भाषावाले," पितांबर सर शांतपणे म्हणाले. "गणितात एकदा धरलेली खूण मधेच बदलत नसतात. लाल म्हणजे मुलगी, निळा म्हणजे मुलगा. नापास असेल त्याच्या आकड्याखाली मी रेघ मारलीय. हे बघा, अस्मा. खाली रेघ आहे. दिसत नाही?"

दिसत होती. लाल आकड्याखाली लाल रेघ. मुलांच्या पानांवर लाल सापडेना म्हणून योगेंद्रने तिथे याच रेघा मोजल्या होत्या; मुलींचं लाल दिसल्यावर रेघ बघायची गरजच उरली नव्हती.

"पन सर," रमजानला राहवेना, "मग काही पोरी पास कशा दिसतात? २०१३ ला त्रेचाळीस टक्के?"

सरांनी २००६ सालापासून एकेक वही चाळली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुन्या आठवणींचा प्रकाश पडला. "त्या वर्षी रिफिल फार लवकर संपली. मग पुढच्या मुली निळ्यात. दरवर्षीच संपायची शेवटी शेवटी. २०१३ ची रिफिल तर अगदीच फालतू निघाली."

वीस वर्षं त्या शाळेत मुलींची गणितातली प्रगती म्हणून जे काही मोजलं गेलं होतं, ते लाल रिफिलचं आयुष्य होतं. आणि बाहेर भिंतीवर, फालतू रिफिलच्या त्या ऐतिहासिक क्षणी, रमजानच्या हातची सुंदर छोटी सायकल उभी होती.

"अडीच वाजले," योगेंद्र म्हणाला. "मी मेलो."

"मरू नका, वह्या द्या," रमजान म्हणाला.

पुढचा एक तास त्या शाळेच्या इतिहासात नोंदला गेला पाहिजे. नोंदणारा योगेंद्रच असल्यामुळे गेला नाही. रमजानने टर्पेंटाइनमध्ये फडकं बुडवून ओली लाल रेघ पुसायला घेतली. सायकल पुसताना हात क्षणभर अडला, पण पुसली. व्हरांड्यात सतरंजीवर वह्या पसरल्या. कामिनी पानं उलटायची, आफशीन खालच्या रेघा मोजायची, पितांबर सर टक्के काढायचे, तेही तोंडी, आणि योगेंद्र नव्या कागदावर लिहायचा. घंटा झाली तरी दहावीचा वर्ग आत गेला नाही. सगळ्या मुली सतरंजीभोवती उभ्या राहिल्या, आणि मागे बरीचशी मुलंही.

"२००६! एकोणतीस मुली, रेघा पाच!"

"ब्याऐंशी पूर्णांक सात," सर म्हणाले. "त्र्याऐंशी धरा."

"२००७! तेहेतीस मुली, रेघा चार!"

"अठ्ठ्याऐंशी!"

प्रत्येक आकड्यागणिक मुली ओरडत होत्या. क्रिकेटच्या मॅचमध्ये कुणी एवढ्या नेमाने चौके मारत नाही. "अगं, ही माझी मावशी!" कुणीतरी वहीवर बोट ठेवून किंचाळली. "मावशीला चौऱ्याहत्तर होते! घरी सगळे म्हणतात तिला हिशोब येत नव्हता!" रमजान शिडीवर होता आणि त्याचा ब्रश वर चालला होता. सकाळी त्याला उतरवणारी हीच रेघ आता त्याला पायरी पायरी चढवत होती. २०१३ पर्यंत रेघ निळीच्या हातभर वर पोहोचली.

साडेतीन वाजता हेमराजभाऊंची बोलेरो फाटकात शिरली.

भाऊ खाली उतरले. त्यांनी भिंत पाहिली. पांढऱ्या टोपीखालचा चेहरा आधी गोंधळला, मग योगेंद्रकडे वळला. योगेंद्रने सगळं सांगितलं. शाई, रिफिल, समोसासुद्धा. खरं बोलायची त्याला सवय नसल्यामुळे त्याला थांबायचं कुठे ते कळलं नाही.

हेमराजभाऊंनी योगेंद्रच्या हातातला नवा कागद घेऊन आकडे वाचले. माणूस आकड्यांना मानणारा होता, आणि आकडे फिरले होते.

"म्हंजे," ते सावकाश म्हणाले, "गणितमा कच्चा कोन? पोऱ्या."

"हो, भाऊ."

"मग तर विशेष वर्ग पोऱ्यासलेच पाहिजे! मी काय म्हनत व्हतू? पोरी हुशार शेत, त्यासले गरजच काय? यादी बरोबर शे. जाऊ द्या, हार आन्यात का?"

रमजानला वाटलं, शिडी एक पायरी खाली सरकली. वर राहून तरी करायचं काय? सकाळी मुली खाली होत्या म्हणून वर्ग मुलांचा. आता वर होत्या तरी मुलांचाच. त्याने खाली पाहिलं. आफशीन उठून उभी राहिली होती. हातात शेवटची मोजलेली वही, गालाला लाल शाईचा डाग.

"काका," ती म्हणाली. शब्द सुटे सुटे होते. "सकाळी आम्ही कच्च्या होतो म्हणून वर्गात नव्हतो. आता हुशार आहोत म्हणून नाही. तर वर्गात बसता येईल असे नेमके किती मार्क पाडायचे, तेवढं सांगा. आम्ही तेवढेच पाडू."

आकडा मागितला होता, आणि आकडा हेमराजभाऊंकडे नव्हता. त्यांनी योगेंद्रकडे पाहिलं. योगेंद्रने वहीत पाहिलं. वहीतही नव्हता.

"काका, सांगा ना," कामिनी म्हणाली. "मी पण तेवढेच पाडीन. घरी विचारू का रात्री?"

घरी, हा शब्द भाऊंना लागला असावा. त्यांच्या घरात कामिनीच्या बाजूने बोलणारी माणसं जास्त होती.

तेवढ्यात योगेंद्रचा फोन वाजला. साहेबांची गाडी प्रकाशा गावाच्या फाट्यावर आली होती.

"रमजान!" भाऊ ओरडले. "थांबना काबर? रेघ पुरी कर!"

रमजानने ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात उभा केला. काम अर्ध्यावर अडवणं त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं. पण आवाज मात्र अगदी कामाच्या चौकशीचा निघाला. "करस ना, भाऊ. फक्त इतलं सांगा, रेघ कठलोंग नेऊ? वर्गना दारलोंग, का आलीकडेच थांबाडू? एकदाव वाळनी म्हंजे निघाव नही."

ती मुलींना वर्गाच्या दारापर्यंत नेणार की अलीकडेच थांबणार, हे ठरेपर्यंत अर्धी लाल रेघ भिंतीवर लटकत होती. तिच्यापुढे फडक्याने फासलेला गुलाबी चट्टा. दहा मिनिटांत गाडी येणार, आणि गावात दुसरा पेंटर नव्हता.

पितांबर सर पुढे झाले. त्यांनी या तुकडीची नववीची वही उघडली आणि खिशातलं निळं पेन काढलं. "हेमराज," ते म्हणाले. हेमराजभाऊंना एकेरीत हाक मारणारे गावात तेवढेच उरले होते. "शाई विसर. शंभराच्या बाजूनं वाचत येतो. वीस नावं झाली की थांबतो. मुलगा असो, मुलगी असो. आणि नापास झालेल्या आठ पोरांना मी स्वतः सकाळी सातला शिकवीन. ती माझीच राहिलेली उधारी आहे."

हेमराजभाऊंनी फाटकाकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग पुतणीकडे.

"लिखी ले रे, योगेंद्र," ते म्हणाले. "वरतून वीस."

बारा मुली निघाल्या, आठ मुलगे. कामिनी तिसरी. आफशीन पाचवी. यादीतून बारा मुलं गळली, आणि गळाल्याचं कळताच ती इतक्या आनंदाने मैदानाकडे पळाली की पितांबर सरांनी तोंडी हिशोब करून सांगितलं, गेल्या वीस वर्षांत एवढी मुलं एकदम खूश झाल्याचं त्यांना आठवत नाही. सकाळी सातच्या वर्गाची बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती.

आणि मग व्हरांड्यात नुसती धांदल उडाली. कुणी मेंदीच्या खोलीतले बाक उचलून आणले, कुणी हाताने फीत धरली, योगेंद्रने दोन नारळ आणले आणि दोन्ही हरवले. रमजान पुन्हा शिडीवर. खालून चार मुलींनी शिडी पकडली होती, आफशीन कागद धरून ओरडत होती आणि तिचा बाप ब्रशने तिच्या मागे धावत होता.

"२०१९, एक्याण्णव!"

"झालं!"

"२०२२, एकोणनव्वद!"

"थोडी खाली आली गं!"

"कोविडनंतरचं वर्ष आहे, अब्बा, चालवून घ्या! २०२४, त्र्याण्णव!"

रमजान थांबला. चौकट नव्वदला संपत होती. मुलांच्या रेघेला त्यापेक्षा जास्त कधी लागलं नव्हतं, म्हणून योगेंद्रने तेवढीच आखायला सांगितली होती. एक्याण्णवचा ठिपका त्याने कसाबसा चौकटीच्या पट्टीवर बसवला होता. आता त्र्याण्णव पट्टीच्या वर, कोऱ्या भिंतीवर गेलं, आणि तिथून पुढे संस्थेच्या नावाची ठळक अक्षरं होती.

फाटकात गाडीचा हॉर्न वाजला. आतल्या खोलीतून शहाद्याच्या सरांनी टाळी वाजवून मुलांना बोलावलं. कामिनी आफशीनचा हात ओढू लागली.

"शेवटचं, अब्बा! आमचं! शहाण्णव!" आफशीनने कागद योगेंद्रच्या हातात कोंबला, दप्तर उचललं आणि पळत सुटली.

"अगं, जागा नाही वर!" रमजान शिडीवरून ओरडला. "अध्यक्षांचं नाव मधे येतंय! रेघ नेऊ कुठून?"

वर्गाच्या दारातून तिने एकदाच मागे वळून पाहिलं.

"नावावरून न्या, अब्बा!" ती म्हणाली, आणि आत गेली.